दादीच्या ओढणीची लेस

पनवेलच्या आमच्या घरात दादीची ओढणी ‘सगळी हाताची’ म्हणून जपली जाते. परवा भिंग घेऊन बसलो.

सुईच्या लेसमध्ये काजाचे टाके दिसतात, बॉबिनच्या लेसमध्ये अनेक दोरे एकमेकांत गुंफलेले, तर क्रोशात साखळीचे फासे. १८०९ साली इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी षटकोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लुडाइटांनी त्यांच्या लफबरोच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. पण यंत्राची जाळी जगभर गेली.

ओढणीची जाळी तशीच निघाली, एकसारखी, यंत्राची. मन खट्टू झालं. मग काठ पाहिला: क्रोशाचा. एका कोपऱ्यात फासे मोजताना चूक झालेली.

यंत्र असं चुकत नाही. तेवढा काठ नक्की हाताचा!