पुणे शहराचे शाश्वत ऊर्जा व हवामान संरक्षण नियोजन : राहू बेटाच्या संदर्भात एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठेचा प्रवास महानगरपालिकेच्या हद्दीपाशी संपत नाही. थेऊरवरून पूर्वेकडे वाहत ती दौंड तालुक्यात येते आणि वाळकी-रांजणगाव सांडस परिसरात भीमेस मिळते. या दोन नद्यांमधील उसाचा सुपीक पट्टा 'राहू बेट' या नावाने ओळखला जातो. भीमेपलीकडे शिरूर तालुक्याची हद्द सुरू होते. पुणे शहराने ऊर्जा आणि हवामान या क्षेत्रांत केलेल्या प्रगतीचे मूल्यमापन आजवर बहुधा शहराच्या हद्दीतील आकड्यांवरून झाले आहे. परंतु शहर ज्या खोऱ्यात वसले, त्या खोऱ्याच्या खालच्या टोकाला असलेल्या राहूसारख्या गावाच्या संदर्भात हाच प्रश्न तपासला असता निराळे चित्र दिसते. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

उद्दिष्टे :

१) भीमा खोऱ्यातील पाणी व वीज यांच्या वापराची ऐतिहासिक पूर्वपीठिका पाहणे.
२) पुणे शहराच्या ऊर्जा व हवामान नियोजनातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
३) या नियोजनाचे राहू बेटाच्या दृष्टीने मूल्यमापन करणे.

पूर्वपीठिका : पाणी आणि वीज

पुण्याचा आणि त्याच्या पूर्वेकडील तालुक्यांचा आधुनिक काळातील संबंध मुठेच्या पाण्याने जोडला गेला. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाचे पाणी पुणे शहर व लष्कर भागास आणि कालव्याद्वारे हवेली व भीमथडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांस मिळावे, अशी ती योजना होती. आजचा दौंड तालुका त्या वेळी भीमथडीत मोडत असे. १८७५ चे शेतकऱ्यांचे दंगे याच भीमथडीतील सुपे येथून सुरू झाले होते, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळला होता. म्हणजेच एकाच जलाशयावर शहर आणि शेती या दोहोंचा हक्क आरंभापासूनच मान्य झालेला होता.

विजेचा इतिहास मात्र याहून वेगळा आहे. टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेकडे कोकणात सोडले आणि खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथे जलविद्युत केंद्रे उभारली. खोपोली व भिवपुरीकडे वळविलेले पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातील होते. ती तुळापूर येथे भीमेस मिळते. भिऱ्याकडे जाणारे पाणी मुळशी येथे अडविलेल्या मुळेचे होते. राहू बेटाला दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या नद्यांच्या उगमाकडील पाण्याचा काही भाग अशा रीतीने मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण करून अरबी समुद्रास मिळू लागला. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मुळशी सत्याग्रहात बुडीत जमिनींचा प्रश्न देशापुढे आला. खालच्या भागातील शेतकऱ्यांच्या पाण्याचा प्रश्न मात्र त्या वेळी ठळकपणे मांडला गेला नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने, ज्यास बच्छावत लवाद म्हणतात, टाटा योजनांच्या या वळणावर वर्षाला कमाल ५४.५ टीएमसीची मर्यादा घातली. कोळशाच्या तुलनेत जलविद्युत स्वच्छ असली तरी तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न या इतिहासाने मागे ठेवला आहे.

नियोजनाची चौकट :

१९९२ च्या रिओ परिषदेनंतर हवामानाच्या प्रश्नात शहरांची भूमिका जगभर चर्चेस आली. त्याच वर्षी संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षणाचा समावेश केला. ऊर्जा हा विषय मात्र त्या सूचीत नाही. तेथे केवळ रस्त्यावरील दिव्यांचा उल्लेख आढळतो. वीजनिर्मिती व वितरण राज्य वीज मंडळाकडे आणि २००५ नंतर त्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या कंपन्यांकडे राहिले. परिणामी महानगरपालिकेच्या हाती करसवलत, बांधकाम नियम, सार्वजनिक वाहतूक, कचरा आणि सांडपाणी एवढीच साधने उरली. पुण्याच्या प्रगतीचा विचार करताना ही मर्यादा ध्यानात घेणे न्याय्य ठरते.

प्रमुख उपक्रम :

या मर्यादेतही पुणे शहराने काही बाबतींत पुढाकार घेतला. सौर पाणीतापक, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देण्यात आली. डिसेंबर २००६ मध्ये देशातील पहिला बीआरटी मार्ग पुण्यात सुरू झाला. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल स्थापन झाली. २०१९ मध्ये तिच्या ताफ्यात विजेवर धावणाऱ्या बस आल्या, आणि मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस निर्माण करणारे छोटे प्रकल्पही विविध प्रभागांत उभे राहिले.

या प्रयत्नांची नोंद राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली. केंद्र शासनाच्या हवामानविषयक शहर मूल्यांकन चौकटीच्या २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात चार तारांकन मिळविणाऱ्या ९ शहरांत पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचा समावेश होता. ऊर्जा व हरित इमारती, नगरनियोजन व हरित आच्छादन, वाहतूक व हवा, पाणी आणि कचरा अशा ५ गटांतील २८ निर्देशांकांवर हे मूल्यांकन आधारलेले होते. तथापि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने जीवितहानी केली, तेव्हा नैसर्गिक प्रवाहांवरील अतिक्रमण आणि हवामान संरक्षण यांचा संबंध गुणांकनापेक्षा अधिक स्पष्टपणे समोर आला.

राहू बेटाच्या दृष्टीने मूल्यमापन :

पहिला निकष पाण्याचा. शहराच्या वाढीबरोबर खडकवासला प्रकल्पातील पिण्याच्या पाण्याचा वाटा वाढत गेला आणि शेतीला त्याऐवजी सांडपाणी देण्याची कल्पना पुढे आली. मुंढवा येथील जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, हवेली व दौंडमधील शेतीसाठी सोडण्यात येऊ लागले. पुनर्वापराच्या दृष्टीने ही योजना स्वागतार्ह आहे; परंतु तिचे यश प्रक्रियेच्या दर्जावर अवलंबून आहे. जपानच्या साहाय्याने ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याची ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, मात्र प्रत्यक्ष कामांस मोठा विलंब लागला. नदीकाठच्या गावांना या विलंबाचा हिशेब जलपर्णी, दुर्गंधी आणि विहिरींच्या बिघडलेल्या पाण्यात द्यावा लागतो.

दुसरा निकष विजेचा. शहराला अखंड वीजपुरवठा हा नियोजनाचा गृहीत भाग असतो. नदीवरून पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्यास मात्र दीर्घकाळ रात्रपाळीच्या विजेवर विसंबावे लागले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. सौर ऊर्जेचा विचार शहरी छतांपुरता न ठेवता तो ग्रामीण वाहिन्यांपर्यंत नेणारे हे पाऊल म्हणून महत्त्वाचे ठरते.

तिसरा निकष इंधन व कचऱ्याचा. राहू बेटातील गुऱ्हाळे ही उसाच्या चिपाडावर चालणारी, म्हणजे स्वतःचे इंधन स्वतः निर्माण करणारी व्यवस्था. अलीकडच्या काळात दौंड तालुक्यातील काही गुऱ्हाळांत प्लॅस्टिक व तत्सम टाकाऊ माल जाळला जात असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. असा माल खेड्यातील भट्टीत जळत असेल, तर तो कचऱ्याच्या हिशेबातून वजा होतो, पण हवेतून वजा होत नाही.

निष्कर्ष :

१) पुणे शहराने मर्यादित अधिकारांत वाहतूक, करसवलत व कचराप्रक्रिया या क्षेत्रांत निश्चित प्रगती केली आहे.
२) ही प्रगती मोजणारे निर्देशांक शहराच्या हद्दीत थांबतात, त्यामुळे हद्दीबाहेर गेलेला भार अदृश्य राहतो.
३) २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात दौंड व शिरूर तालुक्यांचा काही भाग येतो. माझी वसुंधरा अभियान (२०२०) महानगरपालिका आणि ग्रामपंचायत या दोहोंचे मूल्यमापन करते. खोरेनिहाय हिशेबासाठी आवश्यक ती चौकट यांतून उपलब्ध होऊ शकते.

खडकवासल्याच्या योजनेत शहर आणि शेती यांचा विचार एकत्र झाला होता. हवामान संरक्षणाच्या नियोजनातही तसाच एकत्रित विचार व्हावा, हे या इतिहासाचे सांगणे आहे. संगमापाशी मुळा-मुठेचे पाणी ज्या स्थितीत पोहोचते, ती स्थिती हा पुण्याच्या प्रगतीचा सर्वांत विश्वसनीय निर्देशांक मानावा लागेल.