ठाणे-बेलापूर रस्त्यावरची छपरे

मे महिना सरत आला की ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर शाकारणीची घाई उडे. उन्हाळाभर वाफ्यांतून ओढलेले मीठ उंचवट्यावर राशी घालून रचलेले असे. त्या राशी गवताने शाकारायच्या, आणि उतार असा ठेवायचा की पडलेल्या पाण्याला थांबायला जागाच मिळू नये. एक चुकार सरही अख्ख्या हंगामाची मेहनत वाहून नेऊ शकत होती. आज ज्या पट्ट्यात देशाच्या बँकांचे, शेअर व्यवहारांचे, मोबाइल कंपन्यांचे सर्व्हर चालतात, त्याच्या शेजारची ही जुनी गोष्ट. पाणी लागले की संपले, असा माल या भागात पूर्वीपासून आहे. प्रत्येक काळात तो बदलत गेला आणि त्याच्या डोक्यावरचे छप्परही बदलले.

नवी मुंबई वसण्याआधी इथे ९५ गावे होती. भातखाचरे, खारजमिनी, मासेमारी आणि मीठ यांवर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांची ही वस्ती. घरांवर आधी गवत, मग गावच्या कुंभाराची नळीची कौले आणि त्यानंतर मंगलोरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ मध्ये. तिथली सपाट, खाचेत खाच बसणारी कौले गलबतांतून कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पोचली. या छपराची खरी किंमत त्याच्या दुरुस्तीत होती. दर उन्हाळ्यात माणूस वर चढे, कौले चाळे, फुटके काढून नवे सरकवे, कुजलेली रीप बदले. गळती लागली की ती नेमकी फुटक्या कौलाच्या जागीच सापडे, कारण कौलाखाली पाणी लपवून ठेवणारे काहीच नसे. आजच्या गच्च्यांची स्थिती पाहिली की हा गुण किती मोठा होता ते समजते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले. खाडीपलीकडचा म्हणून टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, हे नाव या पट्ट्याला चिकटले. रसायने, रंग, औषधे, यंत्रे असे सगळे इथे आले, आणि त्यांच्याबरोबर कैच्यांवर बसवलेल्या पत्र्यांच्या शेडचे राज्य सुरू झाले. जस्ताचा पत्रा स्वस्त आणि हलका. पण एका बाजूला खाडीची खारी हवा, दुसऱ्या बाजूला आम्लाच्या वाफा. त्यात तो फार टिकत नसे. म्हणून रसायनांच्या कारखान्यांनी सिमेंटचा पत्रा पसंत केला. हा पत्रा म्हणजे सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू. ऑस्ट्रियाच्या लुडविग हातशेकने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो शोधला आणि भारतात त्याचे उत्पादन मध्य प्रदेशातल्या कैमोर इथे १९३४ मध्ये सुरू झाले.

सिमेंटचा पत्रा गंजत नाही, कुजत नाही, पण तो फसवा आहे. वरून तो दगडासारखा दिसतो आणि जुना झाला की पायाखाली काचेसारखा फुटतो. म्हणून जाणता कामगार पत्र्याच्या मधोमध कधीच पाय ठेवत नाही. हूक-बोल्टची रांग जिथून जाते तिथे खाली लोखंडी आडवा वासा असतो, त्या रेषेवरून तो चालतो किंवा आधी आडवी फळी टाकतो. शेडचे छप्पर दुरुस्त करताना पत्रा फुटून खाली पडण्याचे अपघात या धंद्यात वर्षानुवर्षे होत आले. तंतूंचा धोका वेगळाच. तोडलेल्या, घासलेल्या पत्र्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तरीही त्या पत्र्यांची जुनी छपरे टीटीसीत अजून दिसतात, आणि ती उतरवणारे मजूर अनेकदा तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतात. हे खपवून घेण्यासारखे नाही.

नवी मुंबई वसवणारी सिडको आली मार्च १९७० मध्ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. ती जमिनीवर उतरताना छप्पर सपाट झाले. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, त्यावर वीटकोबा, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून दिलेला उताराचा थर. भिंत आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात गोलसर वाटा, वर सिमेंटचा गिलावा आणि ओल्या गिलाव्यावर दोरीने मारलेल्या चौकटी. काम नीट झाले की नाही हे पाहायला गच्चीवर पाणी बांधून दोन-तीन दिवस ठेवायचे आणि खालच्या छताकडे बघत राहायचे. चार इंची थर धरला तरी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन स्लॅबवर कायमचे बसते. त्यात एकदा पाणी शिरले की ते विटांच्या पोकळीतून कुठेही फिरते. थेंब पडतो दिवाणखान्यात आणि भेग असते जिन्याजवळ.

वाशीत सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडू लागले, त्या धोकादायक ठरल्या. मुंबईतून १९८१ मध्ये तुर्भ्याला हलवलेल्या कांदा-बटाटा बाजाराची गतही तशीच झाली, आणि ओल लागली की सडणारा माल त्याच छताखाली उतरत राहिला. मग रहिवाशांनी स्वतःच उपाय काढला. सपाट गच्चीवर लोखंडी कैच्या उभ्या करून वर पत्रे टाकले. वाशी-नेरूळच्या जुन्या सोसायट्या उंचावरून पाहिल्या तर निळ्या-लाल पत्र्यांची ओळच दिसते. कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये १९८० च्या दशकात उतरती कौलारू छपरे आग्रहाने दिली होती. इतरांना तो उतार गळती सोसल्यावर विकत घ्यावा लागला.

एकविसाव्या शतकात रसायनांचे कारखाने मागे सरले आणि त्याच भूखंडांवर डेटा सेंटर आले. वीज मुबलक, भूखंड मोठे, आणि समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात त्या फार दूर नाहीत. महाप्याला कंट्रोलएस, रबाळ्याला सिफी अशी नावे दिसू लागली. जुलै २०२० मध्ये, ऐन पावसाळ्यात आणि टाळेबंदीच्या दिवसांत, पनवेलला योट्टा कंपनीचे सर्व्हरच्या ७,२०० रॅकचे केंद्र सुरू झाले.

या इमारतींच्या छपराला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. पाणी अडवायचे, आणि त्याच वेळी थंडावा पुरवणाऱ्या यंत्रांना डोक्यावर घ्यायचे. काही टनांचे चिलर, पाण्याच्या जाड नळ्या, केबलचे मार्ग, धुराडी अशी गर्दी वर असते. नळीसाठी पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे गळतीची एक शक्यता. म्हणून चांगला अभियंता यंत्रांचे चबुतरे स्लॅबबरोबरच ओततो, जलरोधक थर चबुतऱ्याच्या अंगावर वर चढवतो, नळ्या शक्यतो बाजूच्या भिंतीतून आत नेतो आणि सर्व्हरच्या दालनावर थेट उघडे छप्पर येऊ देत नाही. मध्ये आणखी एक मजला किंवा दुसरा स्लॅब असतो.

वाऱ्याचा हिशेबही वेगळा. भारतीय मानकाप्रमाणे मुंबई परिसरात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. पण दूरसंचाराच्या इमारती त्या मानकात रुग्णालये आणि वीज केंद्रांच्या पंक्तीत बसवल्या आहेत. त्यांचे आयुष्य १०० वर्षांचे मानून वेग १.०७ पटीने वाढवतात. तात्पुरत्या शेडसाठी हाच गुणक ०.७३ आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे त्याच जागी उभ्या असलेल्या या दोन छपरांच्या हिशेबातल्या दाबात दुपटीहून जास्त फरक पडतो.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर पडला तर ९ लाख ४४ हजार लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे चौऱ्याण्णव टँकर. त्या दिवशी त्यातले बहुतेक पाणी दुपारनंतरच्या काही तासांत कोसळले. पन्हळीचे तोंड पालापाचोळ्याने तुंबले तर गच्चीचे तळे होते आणि त्याचे वजन स्लॅबवर येते. म्हणून कठड्यात, नेहमीच्या तोंडांपेक्षा जरा वर, जादा पाणी बाहेर फेकणारी दुसरी तोंडे ठेवावी लागतात. खर्च क्षुल्लक, पण कंत्राटात काटछाट सुरू झाली की अशाच गोष्टींवर आधी कात्री चालते.

अशा गच्च्यांवर वीटकोब्याची जागा आता डांबरी किंवा प्लास्टिकच्या पटलांनी घेतली आहे. कारागीर गॅसच्या ज्योतीने डांबरी पटलाची खालची बाजू वितळवतो आणि गुंडाळी पुढे ढकलत जातो. एकावर एक चढलेल्या कडेतून वितळलेल्या डांबराची बारीक रेघ सलग बाहेर आली तर शिवण बसली, रेघ तुटली तर तिथे पुन्हा ज्योत. थंड झाल्यावर बोथट टोकाने कड उचकटून पाहतात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर गुडघ्यावर बसून हे काम चालते.

अशा पटलाचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचे असते. इमारत त्याहून कितीतरी जास्त जगते आणि सगळे चिलर एकाच वेळी क्षणभरही बंद करता येत नाहीत. टीटीसीतल्या पहिल्या पिढीच्या डेटा सेंटरांची छपरे आता त्या वयाकडे चालली आहेत. चालू यंत्रांखालचे पटल बदलायचे तर दोन पावसाळ्यांमधला सात-आठ महिन्यांचा काळ हाती असतो. गच्चीचे भाग पाडायचे, एका भागातल्या यंत्रांचा भार दुसऱ्यांवर टाकायचा, जुने पटल खरवडायचे, स्लॅब कोरडा झाल्याची खात्री करायची, मग नवे चढवायचे आणि पाणी बांधून पाहायचे. ज्यांनी बांधतानाच चबुतरे उंच ठेवले, माणसाला यंत्राखाली हात घालायला जागा सोडली, त्यांचे हे काम त्या मुदतीत उरकेल. बाकीच्यांना आधी यंत्रे उचलण्याची सोय करावी लागेल.