ब्राउन्सी बेटावरचे आठ दिवस : शिबिर नेमके चालवले कोणी?

ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल बंदराच्या आत, ब्राउन्सी नावाचे सुमारे ५०० एकरांचे बेट आहे. रात्रीचे दहा वाजून गेले आहेत. मुख्य छावणीपासून दूर, झाडीत, मुलांची एक तुकडी शेकोटी पेटवून पहारा देत आहे. अंधारातून त्यांच्या रोखाने कोणीतरी चाहूल न लागू देता येत आहे. तो चोर नाही, शत्रूही नाही. तो ब्रिटिश सैन्यातील पन्नास वर्षांचा लेफ्टनंट जनरल आहे. पहारेकरी मुले जागी आहेत का, आपण त्यांच्या हाती लागतो का, हे पाहण्यासाठी तो स्वतः निघाला आहे.

त्याचे नाव रॉबर्ट बेडन-पॉवेल. पुढे जगभर पसरलेल्या स्काउट चळवळीचे, म्हणजे मराठीत ज्याला ‘बालवीर’ म्हटले गेले त्या चळवळीचे, बीज या बेटावर पडले, हे अनेकांना ठाऊक असते. हा धागा मात्र त्यातल्या एका वेगळ्या प्रश्नाचा आहे : जेमतेम वीस मुलांचे ते शिबिर प्रत्यक्षात चालवले कोणी, आणि ती पद्धत मोठ्या माणसांच्या गळी उतरवायला पुढे बारा वर्षे का लागली?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मुलांना उन्हाळ्यात तंबूत नेण्याची कल्पना बेडन-पॉवेलची नव्हे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन या शाळाचालकाने १८६१ मध्येच आपले विद्यार्थी समुद्रकाठी मुक्कामाला नेले होते. १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशरमधील एका तळ्यातील बेटावर शिबिर उघडले. श्रीमंतांच्या मुलांना नोकरांशिवाय जगता यावे, म्हणून स्वयंपाकापासून भांड्यांपर्यंत सारी कामे त्याने मुलांवरच सोपवली. ब्रिटनमध्ये ‘बॉइज ब्रिगेड’चे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पहिले शिबिर भरवले. तिथे कवायत होती, शिस्त होती, आणि हुकूम वरून खाली येत असे.

बेडन-पॉवेलकडे प्रसिद्धीचे भांडवल होते. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा (१८९९-१९००) त्याने तग धरून सोसला आणि तो रातोरात राष्ट्रीय नायक झाला. त्या वेढ्यात निरोप पोहोचवणे, टेहळणी करणे अशी कामे शहरातील मुलांच्या पथकाने केली. हे पथक बेडन-पॉवेलने उभारले असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक ते संघटित केले त्याचा सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल याने. बेडन-पॉवेलने त्यातून बोध मात्र घेतला : जबाबदारी खरी असेल, तर मुलगा ती पेलतो.

हीच गोष्ट शांततेच्या काळात करून पाहण्यासाठी त्याने ब्राउन्सी निवडले. बेटाचे मालक चार्ल्स व्हान राल्ट यांनी परवानगी दिली. मुले मुद्दाम दोन टोकांची घेतली : निम्मी ईटन, हॅरो अशा उच्चभ्रू निवासी शाळांतली, बहुधा त्याच्या स्नेह्यांची; उरलेली बोर्नमथ आणि पूल येथील बॉइज ब्रिगेडमधली, साध्या घरांतली. शुल्कही ऐपतीप्रमाणे होते. पहिल्या गटाला एक पौंड, दुसऱ्याला साडेतीन शिलिंग. हिशेब तरीही जुळला नाहीच. एकूण खर्च ५५ पौंडांच्या वर गेला आणि देणगी धरूनही सुमारे २४ पौंडांची तूट आली. ज्यांची दोन मुले शिबिरात होती त्या सॅक्सन नोबल यांनी ती भरून काढली. शिबिर चालवणाऱ्यांना ही तूट नवी वाटणार नाही.

आता मूळ मुद्दा. वीस मुले आणि हाताशी मोजकी मोठी माणसे. जुना लष्करी मित्र केनेथ मॅक्लॅरन मदतीला होता, ब्रिगेडचे दोन स्थानिक अधिकारी होते. प्रकाशन व्यवसायातील पर्सी एव्हरेट पाहुणे म्हणून येऊन गेले. कोणताही सरळ विचार करणारा आयोजक काय करील? मोठ्यांमध्ये मुले वाटून देईल, प्रत्येकाकडे पाच-सहा. बेडन-पॉवेलने तसे केले नाही. त्याने मुलांच्याच चार तुकड्या पाडल्या : लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू हा किनारी पक्षी. प्रत्येक तुकडीतला ज्येष्ठ मुलगा तिचा नायक. खांद्यावर तुकडीच्या रंगाची फीत : लांडग्यांची निळी, बैलांची हिरवी, डोमकावळ्यांची तांबडी, कर्ल्यूंची पिवळी.

एवढे तर कोणत्याही शाळेत होते. वर्गात मॉनिटर असतोच. फरक अधिकाराच्या स्वरूपात होता. मॉनिटर हा शिक्षकाचा कान असतो. या नायकाला आपल्या तुकडीच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी दिली होती, छावणीत आणि बाहेरही. तुकडीचा मुक्काम वेगळा, काम एकत्र, खेळ एकत्र. मोठ्या माणसाला एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल, तर मार्ग नायकाकडून जायचा. शिस्तभंगाचा निवाडा करण्यासाठी ‘सन्मान न्यायालय’ नेमून ठेवले होते; त्याच्यापुढे एकही प्रकरण आणावे लागले नाही, असे बेडन-पॉवेलने आपल्या अहवालात नमूद केले. शिबिराच्या यशाचे गमक या रचनेतच आहे, असेही त्याने तिथे म्हटले आहे.

रात्रीचा पहारा हा त्या विश्वासाचा कस होता. रोज एक तुकडी पीठ, मांस, भाज्या, चहा असा कोरडा शिधा घेऊन बाहेर पडे. प्रत्येकाजवळ कांबळी, डगला, स्वयंपाकाचे भांडे आणि काड्यापेटी. जागा गाठायची, चूल मांडायची, जेवण रांधायचे, मग पहारे लावायचे. इतर तुकड्यांचे नायक आणि स्वतः बेडन-पॉवेल रात्री अकरापर्यंत त्यांच्यावर टेहळणी करत. यातली बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रमुख तिथे तपासनीस म्हणून जात नव्हता, प्रतिस्पर्धी म्हणून जात होता. देखरेख तर झाली, पण मुलांच्या मानाला धक्का न लावता.

दिवसाची आखणीही विचारपूर्वक होती. कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचे शिंग फुंकून छावणी जागी होई. सहाला कोको, व्यायाम, ध्वज आणि प्रार्थना, आठला न्याहारी. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांती. त्या वेळात बोलायलाही मनाई. रात्री नऊला दिवे मालवलेले. शिकवण्याची रीत त्याहून महत्त्वाची. विषय रात्रीच्या शेकोटीजवळ गोष्टीतून पेरायचा, दुसऱ्या दिवशी त्याचे प्रात्यक्षिक दाखवायचे आणि मग तुकड्यांमध्ये त्याचीच चढाओढ लावायची. व्याख्यान जवळपास नाहीच. माग काढणे, गाठी मारणे, बुडणाऱ्याला वाचवणे, सारे याच क्रमाने.

इथे एक सावधगिरी हवी. या रचनेला लोकशाही म्हणण्याचा मोह होतो, पण ती लोकशाही नव्हती. नायक निवडून आले नव्हते, नेमले होते. अंतिम अधिकार कोणाचा याबद्दल कोणालाही शंका नव्हती. शिवाय वीस मुले, एक बेट आणि समोर साक्षात माफेकिंगचा नायक! अशा ठिकाणी कोणतीही पद्धत यशस्वी ठरली असती, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच गैर नाही. पद्धतीची खरी परीक्षा पुढे होती, जिथे बेडन-पॉवेल स्वतः हजर असणार नव्हता.

ती परीक्षा फार लवकर आली. जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ पंधरवड्याच्या सहा भागांत निघाले, आणि गावोगावी मुलांनी आपणहून तुकड्या काढल्या. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्याला सुमारे ११,००० जण जमले. मुले आधी आली. त्यांना सांभाळणारी माणसे मागाहून शोधावी लागली. ही माणसे कोण? पाद्री, शिक्षक, निवृत्त सैनिक, कारकून. हेतू उत्तम, पण हाती असलेले एकमेव प्रतिमान कवायतीचे किंवा वर्गाचे. तुकड्या कागदावर राहिल्या आणि प्रौढ प्रमुख शिट्टी घेऊन मध्यभागी उभा राहिला.

मोठ्यांवर केवढा भार होता याची जाणीव ४ ऑगस्ट १९१२ रोजी साऱ्या ब्रिटनला झाली. लंडनच्या वॉलवर्थ भागातील एक पथक उन्हाळी शिबिरासाठी शेपी बेटावरील लेझडाउनकडे नौकेतून निघाले होते. किनारा जवळ आला असताना अचानक वादळी झोत आला आणि नौका उलटली. नऊ मुले बुडाली. त्यांपैकी आठ स्काउट होती. प्रमुख सिडनी मार्श आणि इतर मोठ्यांनी पाण्यात धडपडून अनेकांना वाचवले. लंडनमध्ये अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. या घटनेवरून मुलांवरचा विश्वास चूक ठरत नाही. पण विश्वास टाकणाऱ्या प्रौढाला वारा, पाणी आणि नौका यांचे ज्ञान असूनही काय काय घडू शकते, हे तिने दाखवले.

दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, रोलंड फिलिप्स या तरुणाने तुकडी पद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांत पथके चालवल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. त्याचा रोख मुलांकडे नव्हता, पथकप्रमुखांकडे होता : तुकडी पद्धत ही अनेक रीतींपैकी एक नव्हे, ती वगळली तर स्काउटिंगच उरत नाही. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला.

मग १९१९. लंडनजवळचे गिलवेल पार्क एका देणगीतून संस्थेच्या ताब्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तिथे पथकप्रमुखांचे पहिले प्रशिक्षण शिबिर भरले. त्यातली युक्ती साधी होती. शिकायला आलेल्या प्रौढांच्याच तुकड्या पाडल्या. त्यांनीही तंबूत राहायचे, चूल पेटवायची, आपल्यातल्याच एका नायकाचे ऐकायचे. जो स्वतः कधी तुकडीत राबला नाही, त्याला नायकाला मोकळीक का द्यावी हे सांगून कळत नाही. ते अंगावर यावे लागते. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना गळ्यात घालायला दोन लाकडी मणी मिळाले. हे मणी बेडन-पॉवेलने झुलू मोहिमेतून आणलेल्या माळेतले होते, झुलू राजा दिनुझुलूशी तिचे नाव जोडले जाते. विश्वासाचे हे चिन्ह साम्राज्याच्या लुटीतून आले, हेही या इतिहासात नोंदवायला हवे.

त्या विश्वासाची सीमा भारतात सर्वांत स्पष्ट दिसली. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरात पहिले पथक काढले. ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना दार बंद. चौदा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हाती तुकडी सोपवता येते, पण भारतीय मुलाच्या हाती ती सोपवणे धोक्याचे, असा हा न्याय! संघटना शिकलेली मुले उद्या कोणाविरुद्ध संघटित होतील, ही सरकारची धास्ती त्यामागे होती.

उत्तर भारतीयांनी स्वतःच शोधले. श्रीराम वाजपेयींनी शाहजहानपूरला मुलांची पथके उभी केली. मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६-१७च्या सुमारास स्वतंत्र संघटना काढली. तिच्या मुलांच्या डोक्यावर भारतीय पागोटे होते आणि ती ‘वंदे मातरम्’ म्हणत. अलाहाबादेत मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आला, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत विलीन झाली. सेवा समितीने स्वतंत्र राहणे पसंत केले. सगळे प्रवाह एकत्र यायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडला, आणि ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ स्थापन झाली.

तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यात, पचमढीला आहे. तिथल्या प्रगत प्रशिक्षणाला ‘हिमालय वुड बॅज’ म्हणतात. महाराष्ट्रातील शाळांचे शिक्षकही त्यासाठी तिथे जातात. वर्षभर वर्गापुढे उभी राहणारी ही माणसे त्या दिवसांत तुकड्यांत विभागली जातात आणि आपल्यातल्याच एका नायकाच्या हाताखाली काम करतात.