गुडघ्याखालचे ‘तीन ली’ : थकलेल्या पायांचा इतिहास

१/ इ.स. १६८९. जपानी कवी मात्सुओ बाशो एदो, म्हणजे आजचे तोक्यो, सोडून उत्तरेकडे पायी निघाला. वय ४५, वाट सुमारे २,४०० किलोमीटरांची. प्रवासवृत्ताच्या आरंभीच तो आपली तयारी नोंदवतो : फाटकी विजार शिवली, टोपीचा बंद बदलला आणि गुडघ्याखालच्या ‘सान्री’ या बिंदूवर डाग घेतले.

२/ डाग कसले? आपल्या दवण्याच्याच जातकुळीतील एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून कापसासारखी मऊ करतात. हा ‘मोगुसा’. त्याची चिमूट ठरावीक जागी ठेवून पेटवायची. युरोपात रूढ झालेला ‘मोक्सा’ हा शब्द याच मोगुसावरून आला.

३/ बिंदू मूळचा चिनी. तेथील नाव त्झू-सान-ली, अर्थात ‘पायाचे तीन ली’. ली हे अंतराचे माप. प्रसिद्ध आख्यायिका अशी की, हा बिंदू चेतवला असता दमलेला वाटसरू आणखी तीन ली चालू शकतो.

४/ आता ही आख्यायिका कसोटीला लावू. चीनचा ली साधारण अर्ध्या किलोमीटरचा. त्याच चिन्हाने लिहिला जाणारा जपानचा ‘री’ मात्र जवळजवळ चार किलोमीटरांचा. म्हणजे एकाच बिंदूने चिनी पांथस्थाला दीड किलोमीटर मिळतात आणि जपानी पांथस्थाला बारा!

५/ त्याहून मोठी अडचण पुढेच आहे. कोपराखाली ‘हाताचे तीन ली’ नावाचाही बिंदू आहे. हात कोठे चालत जातो?

६/ इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपास संकलित झालेला मानला जाणारा ‘ह्वांगदी नैजिंग’ हा ग्रंथ या बिंदूचे स्थान देतो : गुडघ्याखाली तीन त्सुन. एक त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी. तीन त्सुन म्हणजे जुळवलेली चार बोटे. नावातील ‘तीन’ या मापातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

७/ आणखी मागे जाऊ. इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद झालेली मावांगदुईची कबर १९७३ मध्ये उत्खननात उघडली. तेथील हस्तलिखितांत शरीरातील ११ वाहिन्यांचे वर्णन आहे. उपचार अग्नीचा, सुईचा उल्लेख नाही, नावे दिलेले बिंदूही नाहीत. म्हणजे बिंदूंचा हा नकाशा हळूहळू घडत गेला.

८/ इ.स. १०२७ मध्ये सोंग दरबारातील वैद्य वांग वेईयी याच्या देखरेखीखाली बिंदू कोरलेला कांस्य पुतळा तयार झाला. पुतळ्यावर मेण लावून आत पाणी भरत. परीक्षार्थ्याची सुई अचूक पडली तरच पाणी बाहेर येई, असे जुने वृत्तान्त सांगतात.

९/ २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंची प्रमाणित स्थाने प्रसिद्ध केली. त्यांत आपला बिंदू जठरवाहिनीवरील ३६वा. व्यायामानंतरच्या थकव्यावर तो आजही अभ्यासला जातो. पण सुई टोचल्याचे खेळाडूला कळतेच. त्यामुळे गुण सुईचा की विश्वासाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते आणि निर्णायक उत्तर अद्याप हाती नाही.

१०/ मग आख्यायिका टाकून द्यायची का? नावाची व्युत्पत्ती म्हणून, होय. परंतु पुस्तकातील एक माप पायी चालणाऱ्यांनी आपलेसे कसे केले, याचा ती अस्सल पुरावा आहे.

आणि बाशो? सुमारे पाच महिन्यांनी तो ओगाकीला पोहोचला. प्रवासाचा शीण उतरण्याआधीच इसेच्या देवस्थानाकडे निघाला; या वेळी मात्र होडीने.