हार्ड डिस्क न दिसणे

हार्ड डिस्क न दिसणे : संगणकावर विंडोज, लिनक्स वा दुसरी कोणतीही प्रणाली नव्याने बसवताना, ती कुठे बसवायची हे विचारणाऱ्या यादीत संगणकातील डिस्कचे नाव न येणे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क, केबलने जोडलेली एसएसडी आणि मदरबोर्डवरच्या एम.2 खाचेत बसणारी एसएसडी, या तिन्हींच्या बाबतीत हा प्रकार आढळतो. 'डिस्क उडाली' असा निकाल लगेच दिला जातो आणि नवीन डिस्कचे पैसे मोजले जातात. पण यादीत नाव नसणे आणि डिस्क निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण बऱ्याचदा केबलमध्ये, बायोसच्या (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) एखाद्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरच्या अभावात असते, आणि डिस्कवरचा सगळा डेटा शाबूत असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या बिघाडाला वेगळे वजन आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा. आधारभूत किमतीने धान विकायचे तर सातबारा, आधार आणि बँक पासबुक घेऊन ऑनलाइन नोंदणी करावी लागते. खरेदी एकीकडे मार्केटिंग फेडरेशनची, तर देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा भागांत आदिवासी विकास महामंडळाची. नोंदणीच्या दिवसांत सेवा केंद्रातला संगणक बंद पडला की दाराशी रांग लागते, आणि त्या घाईत दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून नको ते बटण दाबले जाण्याची शक्यता वाढते. केंद्रचालकाकडची नोंदींची फाइल, स्कॅन केलेली कागदपत्रे, हिशेब हे सगळे त्याच डिस्कवर असते. म्हणून इथे काळजी आधी डेटाची करायची, विंडोजची नंतर.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि जुन्या यंत्रांवर विंडोज 11 किंवा लिनक्स चढवण्याचे काम वाढले. विंडोज 11 ला यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. त्यासाठी बायोसमध्ये जे बदल केले जातात, त्यांच्यामुळेही चांगली चालणारी डिस्क दिसेनाशी किंवा वापरता न येणारी होते.

निदानाची पहिली पायरी : तपास सुरू करायचा तो बायोसपासून. यंत्र सुरू होताना डेलवर एफ2, एचपीवर एफ10, लेनोवो, एसर आणि एसुसच्या लॅपटॉपवर बहुधा एफ2, आणि डेस्कटॉपवर डिलीट दाबले की बायोस उघडते. तिथे साठवणीच्या पानावर डिस्कचे मॉडेल लिहिलेले दिसते का, एवढेच आधी बघायचे. दिसत असेल तर डिस्कला वीज मिळते आहे, तिची मदरबोर्डशी बोलणी होत आहेत; दोष बहुधा प्रणालीच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हर किंवा विभाजनात आहे. दिसत नसेल तर दोष केबल, खाच, वीज, बायोसचे सेटिंग किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशात तरी आहे, आणि ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे दोन मिनिटांचे काम टाळून थेट नवी पेन ड्राइव्ह बनवायला बसणे ही दुकानांत सर्रास दिसणारी चूक.

बायोसमध्ये डिस्क नसेल तेव्हा : डेस्कटॉपच्या साटा डिस्कला दोन केबल लागतात, सात पिनांची डेटाची आणि पंधरा पिनांची विजेची. डेटाची केबल ढिली होणे, तिची क्लिप तुटलेली असणे, कनेक्टरवर हिरवट-काळा थर चढणे ही नेहमीची कारणे. राइस मिलच्या परिसरातल्या कार्यालयांत हवेत कोंड्याची बारीक धूळ असते. जिल्ह्यात पाऊसही हजार मिलिमीटरहून बराच अधिक पडतो. धूळ आणि दमटपणा एकत्र आले की संपर्क खराब होतात. केबल बदलून, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघावे. लॅपटॉपमध्ये केबलऐवजी पातळ पट्टी असते. ती एकदा काढून पुन्हा नीट दाबून बसवली तरी कित्येक डिस्का परत दिसू लागतात. कुठलेही काम करण्यापूर्वी चार्जर काढणे आणि बॅटरी सोडवणे आवश्यक.

एम.2 पट्टीच्या बाबतीत घोटाळा वेगळा. दिसायला सारख्या, 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशा दोन पट्ट्या असतात : एक साटा जातीची, दुसरी एनव्हीएमई जातीची. खाच एकाच जातीची असेल तर दुसरी पट्टी नीट बसूनही कधीच दिसणार नाही. काही मदरबोर्डांवर एम.2 खाच भरली की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते, आणि नवी एसएसडी टाकल्याबरोबर जुनी हार्ड डिस्क 'गेली' असा समज होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते.

आणखी एक कारण दोन-चार दहा रुपयांच्या नोटांत सुटणारे. मदरबोर्डवर सीआर2032 ही नाण्याएवढी 3 व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर बायोस आपली सेटिंग्ज विसरते, तारीख मागे जाते आणि साठवणीची पद्धत मूळ स्थितीवर परतते. दर वेळी वीज गेली की डिस्क गायब होत असेल आणि घड्याळही चुकत असेल, तर आधी ही बॅटरी बदलावी.

विजेचा प्रश्न मोठा आहे. पूर्व विदर्भात मान्सूनच्या तोंडावर विजांचा कडकडाट नेहमीचा, आणि दाब वर-खाली होणेही. तडाखा बसलेल्या हार्ड डिस्कच्या हिरव्या पट्टीवरचा (सर्किट बोर्डवरचा) संरक्षक डायोड शॉर्ट होतो. डिस्क फिरत नाही, कधी पूर्ण संगणकच सुरू होत नाही. असा डायोड जळून डिस्क वाचवतो, हे त्याचे कामच आहे. अनुभवी माणूस तो तपासून पुढचे ठरवतो. मात्र त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी काढून इथे लावून चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी एका छोट्या चिपमध्ये नोंदलेली असते आणि ती चिप जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीवर न्यावी लागते. अर्थिंग नसलेल्या खोलीत महागडा यूपीएस ठेवूनही फारसे संरक्षण मिळत नाही, म्हणून अर्थिंगचा खर्च आधी करावा.

बायोसमध्ये आहे, विंडोजला नाही : गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त गोंधळ याच प्रकाराने घातला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर आले. त्यांच्यासोबत आधी सर्व्हरमध्ये असलेली व्हीएमडी ही सोय साध्या लॅपटॉपमध्ये उतरली. एनव्हीएमई एसएसडी थेट प्रणालीसमोर न येता व्हीएमडी या नियंत्रकाच्या आड राहते, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज 10 च्या मूळ प्रतीत नसतो. विंडोज 11 च्या बऱ्याच प्रतींतही नसतो. परिणामी नव्याकोऱ्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावली की पडद्यावर 'वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज' असा संदेश येतो, खाली यादी रिकामी आणि डावीकडे 'लोड ड्रायव्हर' हे बटण. लॅपटॉप नवा, एसएसडी नवी, तरी यादी रिकामी. ग्राहक दुकानदारावर आणि दुकानदार कंपनीवर चिडतो.

उपाय दोन आहेत. पहिला, इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्यायचा. इथे हटकून होणारी चूक अशी की उतरवलेली ईएक्सई फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर टाकली जाते. विंडोजच्या त्या पडद्याला ती उघडता येत नाही. त्या पडद्याला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा सुट्या फाइली असलेले फोल्डर हवे. लॅपटॉप कंपनीच्या किंवा इंटेलच्या पानावरून सुट्या फाइलींचे फोल्डर घ्यावे, नाहीतर दुसऱ्या संगणकावर ईएक्सई फाइल उलगडून घ्यावी. फोल्डर दाखवल्यावर यादीत अकराव्या पिढीसाठी शेवटी 9ए0बी असलेले आणि बाराव्या पिढीसाठी 467एफ असलेले व्हीएमडी नियंत्रकाचे नाव येते. ते निवडून पुढे गेले की डिस्क समोर येते. या फोल्डरच्या नावात अजूनही 'एफ6' आणि 'फ्लॉपी' या शब्दांचे अवशेष असतात : विंडोज एक्सपीच्या काळात एफ6 दाबून ड्रायव्हर फ्लॉपीतून द्यावा लागे, आणि न दिल्यास निळा पडदा येई. दुखणे तेव्हाही हेच होते.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे. एसरच्या अनेक लॅपटॉपांत हा पर्याय लपलेला असतो. बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की दिसतो. डेलच्या पानावर साटा ऑपरेशन 'रेड ऑन'वरून 'एएचसीआय'वर न्यावे लागते. काही लॅपटॉपांत पर्यायच दिलेला नसतो, तिथे पहिलाच उपाय.

पण हा बदल कोऱ्या डिस्कवर निर्धोक, भरलेल्या डिस्कवर नाही. आधीची विंडोज जुन्या पद्धतीला सरावलेली असते आणि बदलानंतर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबते. घाबरू नये, सेटिंग पूर्ववत केले की ती पुन्हा चालते. त्याहून गंभीर बाब बिटलॉकर या विंडोजच्या कुलुपाची. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो, आणि बायोस बदलताच 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खाते लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्या मोबाइलवरून उघडून दिले असेल तर की मिळवण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी की लिहून घ्यावी. दुसऱ्याचे यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे हे कर्तव्यच समजले पाहिजे.

विंडोज 7 अजून मागणारे ग्राहक भेटतात, विशेषतः जुन्या टॅलीसाठी किंवा जुन्या प्रिंटरसाठी. त्या प्रतीत एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळातच नाही आणि यूएसबी 3.0 चाही नाही, त्यामुळे डिस्क तर दिसत नाहीच, माउसही चालत नाही. असे यंत्र साटा एसएसडीवर ठेवावे, किंवा विंडोज 7 चा नाद सोडावा. 14 जानेवारी 2020 पासून तिला सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत.

दिसते, पण घेत नाही : यादीत डिस्क आहे, मात्र 'जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही' किंवा उलट एमबीआरबद्दल तसाच संदेश. डिस्कच्या सुरुवातीला तिचे भाग कुठून कुठवर आहेत याची नोंद असते. ती जुन्या एमबीआर पद्धतीने असेल तर चारच प्राथमिक भाग आणि साधारण 2 टेराबाइटांची मर्यादा. जीपीटीत या अडचणी नाहीत. पेन ड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केली आणि डिस्क जीपीटी असेल तर यांपैकी पहिला संदेश येतो. बूट मेनूत तीच पेन ड्राइव्ह दोनदा दिसते, एकदा आधी 'यूईएफआय' लिहून. ती निवडली की काम होते, काहीही पुसावे लागत नाही. एमबीआर डिस्क डेटासह जीपीटी करायची तर विंडोज 10 मध्ये 2017 पासून 'एमबीआर2जीपीटी' ही आज्ञा आहे.

शिफ्ट आणि एफ10 दाबून काळी खिडकी उघडायची आणि 'डिस्कपार्ट', 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क', 'क्लीन' असे टाइप करायचे, हा उपाय सगळ्यांना पाठ असतो. 'क्लीन' नोंद पुसते : जमीन जागेवर, सातबारा कोरा. त्यामुळे एंटर दाबण्यापूर्वी 'लिस्ट डिस्क'मधले आकडे वाचलेच पाहिजेत. 1 टेराबाइटची डिस्क तिथे 931 जीबी दिसते, 512 जीबीची 476, 256 जीबीची 238, आणि 16 जीबीची पेन ड्राइव्ह 14-15. क्रमांक शून्य म्हणजे मुख्य डिस्क असे दर वेळी नसते. खरी डिस्क दिसत नसताना शून्यावर पेन ड्राइव्हच बसलेली असते, आणि दोन डिस्का असलेल्या यंत्रात शून्यावर ग्राहकाचा डेटा असू शकतो.

लिनक्स : उबंटूत किंवा सी-डॅकने बनवलेल्या बॉस प्रणालीत 'एलएसबीएलके' या आज्ञेने डिस्का दिसतात आणि 'डीमेसेज'मध्ये त्या का दिसत नाहीत याचे उत्तर मिळते. डिस्कला विंडोज ओळखत नसतानाही लिनक्सची लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारी) पेन ड्राइव्ह पुष्कळदा तिला ओळखते, कारण व्हीएमडीचा ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच असतो. म्हणून दुकानात अशी एक पेन ड्राइव्ह तयार असावी : आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, मग विंडोजकडे वळावे.

खरोखर बिघडलेली डिस्क : हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक ऐकू येत असेल, तर वाचणाऱ्या शीर्षांना तबकडीवरची जागा सापडत नसते. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून बघितल्याने तबकडीवर ओरखडे पडतात. ती तेव्हाच बंद करावी. अधूनमधून दिसणाऱ्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, बघावा. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढती असेल तर नवी प्रणाली तिच्यावर बसवण्यात अर्थ नाही. तबकड्या उघडण्याचे काम धूळविरहित खोलीतच होते. गोंदियाहून जवळचे मोठे शहर म्हणजे रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवरचे नागपूर. डिस्क पाठवताना ती अँटिस्टॅटिक पिशवीत, दोन बाजूंनी जाड फोम लावून पाठवावी आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा. एसएसडीचे गणित निराळे आहे. फॉरमॅट होताच प्रणाली तिला रिकाम्या झालेल्या जागा कळवते आणि एसएसडी त्या जागा आतून पुसून टाकते. हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही बराच डेटा परत मिळतो, एसएसडीवर बहुधा मिळत नाही.