भावंडांचे एकत्र संगोपन व दत्तकविधान

अनाथ, परित्यक्त किंवा समर्पित मुलांची व्यवस्था संस्थेत, प्रतिपालक कुटुंबात अथवा दत्तक घरी लावताना सख्ख्या भावंडांना शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावे, असे बालकल्याणातील एक तत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी बालसंगोपनविषयक मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्टपणे आले आहे. परस्परांशी जिव्हाळा असलेल्या भावंडांना तत्त्वतः विलग करू नये. अत्याचाराचा धोका किंवा मुलांच्या हिताचे अन्य कारण असेल तरच अपवाद करावा आणि तरीही संपर्क टिकवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, असा त्यांचा आशय आहे. भारतात बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ४४(३) मध्ये प्रतिपालनासंबंधी अशीच तरतूद आहे.

तत्त्वामागील विचार

आईवडिलांचे छत्र हरपल्यावर मुलाच्या आधीच्या आयुष्यातील ओळखीचे असे माणूस बहुधा भावंडच उरते. घर कोठे होते, आई कोणत्या नावाने हाक मारी, हे धाकट्याला आठवत नसले तरी थोरल्याला सांगता येते. पुष्कळदा थोरल्या बहिणीने आईची जागा घेतलेली असते. तिला या ओझ्यातून मोकळे करण्यासाठी धाकट्यांपासून दूर ठेवावे, असाही एक युक्तिवाद केला जातो. तो फारसा पटण्याजोगा नाही. ओझे उतरवायचे तर धाकट्यांना सांभाळणारे मोठे माणूस त्याच घरात हवे. ती दृष्टीआड झाल्याने थोरलीची काळजी संपत नाही.

ताटातूट कशी होते

भावंडांना वेगळे करावे, असा निर्णय कोणी घेतल्यामुळे ताटातूट होते असे नाही. बऱ्याचदा व्यवस्थेच्या रचनेतूनच ती घडते. सहा वर्षांपर्यंतची मुले साधारणपणे शिशुगृहात किंवा विशेष दत्तक संस्थेत, त्यापुढील मुले बालगृहात जातात. बालगृहेही बहुधा मुलांची व मुलींची निराळी असतात. परिणामी नऊ वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि तान्हे मूल बालकल्याण समितीपुढे एकाच दिवशी आले, तरी तिघांचे तीन पत्ते होऊ शकतात. दत्तकासाठी मूल कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्याची मुदतही वयानुसार बदलते. अनाथ व परित्यक्त मुलांबाबत ती दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी २ महिने, तर त्याहून मोठ्यासाठी ४ महिने आहे. शिवाय दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची पसंती लहान मुलाकडे असते. धाकट्याला घर लवकर मिळते; थोरले मागे राहण्याचा धोका असतो. भावंडांची नोंद पहिल्या दिवसापासून एकत्र झाली नाही, तर ती भावंडे आहेत हेच पुढच्या कागदपत्रांतून निसटू शकते.

दत्तकविधानाचा कायदा

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम ११ नुसार, हयात मुलगा असताना दुसरा मुलगा किंवा हयात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. दत्तक घेतलेले अपत्यही यात मोजले जाते. अर्थात या कायद्याच्या चौकटीत भाऊ-बहीण अशी जोडी एका घरी जाऊ शकते. दोन सख्ख्या बहिणी किंवा दोघे भाऊ जाऊ शकत नाहीत. बाल न्याय अधिनियम, २००० याने अपत्यांची संख्या व लिंग विचारात न घेता दत्तक घेण्याची मुभा दिली. या दोन कायद्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. आधी मुलगी असलेल्या हिंदू दांपत्यालाही बाल न्याय कायद्यान्वये दुसरी मुलगी दत्तक घेता येते, असा निर्णय न्यायालयाने २००९ मध्ये दिला. ते प्रकरण सख्ख्या बहिणींचे नव्हते. तरीही एकाच लिंगाच्या भावंडांचा मार्ग त्यामुळे निर्वेध झाला.

२०१५ च्या अधिनियमातील कलम ५९(१) मात्र विचार करायला लावणारे आहे. आंतरदेशीय दत्तकासाठी अपंग मुले व पाच वर्षांवरील मुले यांच्याबरोबर भावंडांनाही प्राधान्य देता येते. भावंडांना देशात एकत्र घर मिळणे कठीण, हे जणू कायद्यानेच गृहीत धरले आहे.

प्रतिपालन व कुटुंबसदृश संस्था

महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेतून मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा अनुदान मिळते. आजी, मामा किंवा काका यांच्याकडे राहणाऱ्या भावंडांना अशा मदतीचा विशेष उपयोग होतो, कारण नातेवाईक बहुधा एका मुलाला सांभाळू शकतात, तिघांचा खर्च झेपत नाही. हेर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे सुरू केलेल्या एसओएस बालग्रामांच्या रचनेत तर भावंडांना एकाच घरात एका ‘आई’कडे ठेवणे हे मूळ सूत्र आहे. महाराष्ट्रात पुणे, अलिबाग व लातूर येथे अशी बालग्रामे आहेत.

अपवाद

एका भावंडाकडून दुसऱ्याचा छळ किंवा लैंगिक शोषण होत असेल, तर त्यांना वेगळे ठेवणेच योग्य ठरते. एकाला दीर्घ व विशेष उपचारांची गरज असेल तर प्रश्न बिकट होतो. तेथे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करावा लागतो आणि मुलाची इच्छाही, वय व समज पाहून, विचारात घ्यावी लागते. केवळ जागा नाही किंवा तिघांना नेणारे कुटुंब लगेच सापडत नाही, ही कारणे मात्र मुलांच्या हिताची नसून व्यवस्थेच्या सोयीची आहेत.

ताटातुटीनंतर

प्रतिपालनात वेगळी राहिलेली भावंडे भेटी, पत्रे व दूरध्वनी यांद्वारे जोडलेली राहू शकतात. दत्तकाचे तसे नाही. कलम ६३ नुसार दत्तक आदेश अमलात येताच मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध तुटतात. त्यांत भावंडेही आली. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्रयस्थ व्यक्तीला मात्र असा शोध घेण्याची परवानगी नाही. स्कॉटलंडने २०२१ पासून संगोपनातील भावंडांना एकत्र ठेवण्याचे व त्यांचा संपर्क राखण्याचे कर्तव्य स्थानिक प्रशासनांवर कायद्याने टाकले आहे. अमेरिकेतील २००८ च्या संघीय कायद्यानुसार भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी राज्यांनी वाजवी प्रयत्न करणे आणि ते न जमल्यास वारंवार भेटींची सोय करणे अपेक्षित आहे.