जंगलाची किल्ली कोणाजवळ? आपल्या भागातल्या वाईट दिवसांचा थोडा इतिहास

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

फेब्रुवारी लागला की आपल्याकडची कितीतरी गावं अर्धी होतात. धान निघालेलं असतं, हाताला काम नसतं. मग पोराबाळांसकट गाडीत बसायचं आणि मिरची तोडायला तेलंगणात जायचं. यंदा आमच्या चौकात अशीच एक गाडी चहासाठी थांबली होती. पत्रकार आहे म्हटल्यावर एका बाईनं विचारलं, "भाऊ, आमचं असंच चालत राहीन का जी?" मला उत्तर सुचलं नाही. "बरे दिवस येतील" असं म्हणणं सोपं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. गाडी निघून गेली, प्रश्न मात्र डोक्यात राहिला. म्हणून मागं वळून पाहिलं. आपल्या भागानं याआधी वाईट दिवस कसे काढले?

सुरुवात १८९९-१९०० च्या दुष्काळापासून करतो. विक्रम संवत १९५६ होतं, म्हणून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, मध्य प्रांतातला. त्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेलेला, लोक त्यातून नीट उभेही राहिले नव्हते. १९०१ ची जनगणना झाली तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. मोहफुलं आणि चिंचोके एकत्र शिजवायचे, त्यावर दिवस काढायचा. ज्याच्या घरी चूल पेटली त्यानं शेजारच्या लेकराला हाक मारायची. आजी हे मोठेपणा म्हणून सांगत नसे. "तवा तसंच होतं बापा, एकट्यानं खाल्लं तं घास उतरत नाही," एवढंच म्हणायची.

पण या आठवणीला दुसरी बाजू आहे. ज्या जंगलानं माणसं जगवली, ते जंगल तोवर लोकांचं राहिलं नव्हतं. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं सरकारजमा झाली होती. दुष्काळ पडल्यावर कंदमुळं, फळं, मोहफुलं गोळा करायला आणि गुरं चारायला इंग्रज सरकारनं ती जंगलं मोकळी केली. दुष्काळ सरला आणि बंधनं परत आली. म्हणजे जंगल हे आपलं धान्याचं कोठार होतं, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

मामा तलावांचंही तेच झालं. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांनी ते बांधले, गावानं गाळ काढला, पाणी वाटून घेतलं. १९५१ साली मालगुजारी गेली, ते चांगलंच झालं. पण तलाव सरकारच्या नावावर चढले आणि हळूहळू गाळ काढणारे हात थांबले. गावाचं जे गावाच्या हातून सुटलं, ते गाळानं भरलं.

१९७२ चा दुष्काळ म्हटलं की मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र आठवतो. आपल्याकडं त्याची झळ तेवढी नव्हती. तरी त्या दुष्काळातून जे निघालं ते साऱ्या राज्याच्या कामी आलं. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतली. दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली राज्यात व्यवसाय कर आणला गेला. नोकरदार मित्रांनो, तुमच्या पगारातून महिन्याला जे दोनशे रुपये कापले जातात ना, त्याचं मूळ हे आहे. शहरातल्या माणसाच्या पगारातून खेड्यातल्या माणसाच्या मजुरीला हातभार. उपकार म्हणून नाही, कायद्यानं. मदत अशीही असते. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडं येतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात जंगल वाचवण्याच्या चळवळीतून हे गाव जागं झालं. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबतीला चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. एकाचीही हरकत असली तर परत बसायचं, परत बोलायचं. आणि अडीअडचणीला गावाच्या कामी यावा म्हणून गावाचा स्वतःचा ग्रामकोष.

२००६ चा वनहक्क कायदा आल्यावर मेंढ्यानं दावा केला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढा. पण कागद मिळाला म्हणून बांबू विकता येतो असं नाही. वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो वन खातं देईना. बांबू हे झाड की गवत, यावर वाद सुरू. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. शंभरावर वर्षांनी किल्ली परत आली म्हणा ना.

चंद्रपूर जिल्ह्यातलं गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही पाहण्यासारखं आहे. २०१२ साली त्यांना हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. जंगल वापरायचे नियम गावानं स्वतः लिहिले. बांबू तोडायचा आणि विकायचा, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. हातात येणारा पैसा सोडायला छाती लागते. पूर्वी या गावचे लोक कामासाठी परराज्यात जायचे. आता गावातच काम मिळायला लागलं.

मग आलं २०२०. मिरची तोडायला गेलेले आपले हजारो मजूर तेलंगणात अडकले. किती जण पायी निघाले, नदी ओलांडून, जंगलवाटेनं. तेव्हा मी बातमीदारीसाठी फिरत होतो. काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकून आपल्याच माणसांना अडवलं, हेही पाहिलं. लपवून काय उपयोग? भीती होती. पण त्याच दिवसांत शाळेत थांबवलेल्या माणसांसाठी रोज भाकरी नेणाऱ्या बायाही पाहिल्या. आणि ज्या ग्रामसभांकडं बांबू-तेंदूचे पैसे शिल्लक होते, त्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता गरजू घरांना धान्य दिलं, रोख मदत दिली. गल्ला आधी भरून ठेवला होता, म्हणून वेळेवर उघडता आला.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी पडतो. ठेकेदार पैसे थकवतो. काही गावांत हक्काचा कागद पेटीत पडून आहे, काही ठिकाणी हिशेबावरून भांडणं आहेत. मेंढ्यासारखं गाव एका रात्रीत होत नाही, तिथं तीस-पस्तीस वर्षं लोक बसून बोलले आहेत.

पण त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडं सुचतंय. ताई, बरे दिवस आपोआप येत नाहीत. छप्पनच्या दुष्काळात शेजारणीनं घास दिला, पण किल्ली नव्हती. म्हणून माणसं तरी किती वाचणार? आज निदान कायद्यानं किल्ली मागता येते. शेजाऱ्याला द्यायचा घास तर आपल्याकडं आधीपासून होताच. या दोन्ही गोष्टी जिथं एकत्र आल्या तिथं गाड्या कमी भरायला लागल्या. आशा धरायला मला एवढा पुरावा पुरे आहे.

आपल्या हातात काय? तीन साध्या गोष्टी. आपल्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का, ते ग्रामसभेत विचारा. मिळाला असेल तर हिशेब सगळ्यांसमोर वाचायला लावा. आणि चांगल्या वर्षी थोडं बाजूला काढून ठेवा, गावाच्या नावानं. वाईट वर्ष सांगून येत नाही.

मिरचीच्या गाड्या एप्रिलमध्ये परत येतील. ती बाई भेटली तर हेच सांगीन. तुमच्या गावात वाईट दिवसात कोणी कोणाला कसं सांभाळलं, हे आठवत असेल तर खाली नक्की लिहा. घरी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारून घ्या, नंतर सांगणारं कोणी राहणार नाही.